नागपुरात कमी पैशांत गेमिंग पीसी: पैसा कुठे घालायचा, कुठे आवरायचा

बर्डीच्या दुकानात 'गेमिंगसाठी पीसी पाहिजे' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'भाऊ, आय-फाइव्ह देऊ की आय-सेव्हन?' या प्रश्नाला उत्तरच देऊ नका. उलट विचारा, 'कार्ड कोणतं बसवताय?' गेममध्ये पडद्यावर जे दिसतं ते रंगवण्याचं जड काम ग्राफिक्स कार्ड करतं. प्रोसेसर त्याला वेळेवर माल पुरवतो. कमी पैशांतली सगळी जुळणी या एका गोष्टीवर उभी आहे.

स्वस्तातला 'आय-सेव्हन गेमिंग पीसी' उघडून बघितलात तर आत बऱ्याचदा आय-७ २६०० किंवा ३७७० निघतो. पहिला २०११ चा, दुसरा २०१२ चा. सोबत जीटी ७३० कार्ड आणि चार रंगीत पंखे. या दोन्ही प्रोसेसरांत एव्हीएक्स-२ हा सूचनासंच नाही. इंटेलने तो २०१३ मध्ये चौथ्या पिढीपासून दिला. अलीकडचे काही गेम तो सापडला नाही की सुरूच होत नाहीत, सेटिंग कितीही खाली आणा. आणि जीटी ७३० ने फार तर जास्तीचा मॉनिटर चालवावा. असल्या पीसीत पैसे घालण्यापेक्षा दोन महिने थांबलेलं परवडतं.

पैशांची वाटणी

मॉनिटर, कीबोर्ड, माऊस बाजूला ठेवून नुसत्या डब्याचा हिशोब करू. भाव सारखे हलतात, म्हणून वाटणी लक्षात ठेवा: शंभरातले ४० रुपये कार्डाला, ३० प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून, १० एसएमपीएसला (सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग) आणि उरलेल्या २० मध्ये रॅम, एसएसडी, कॅबिनेट. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे ही शेवटची वीस रुपयांची वाटी पुरत नाही. तेव्हा कार्डाचा वाटा कापण्याआधी रॅम जुनी मिळते का ते बघा. सगळ्या जुन्या भागांत रॅम सर्वांत निर्धोक. तिच्यात फिरणारं काही नसतं, ती वापरून झिजत नाही, आणि मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी बिनचूक गेली की बहुधा पुढेही त्रास देत नाही.

काटकसर कुठे करायची याचा नियम सोपा आहे. जो भाग पुढच्या वर्षी एका पेचकसाने बदलता येतो तिथे हात आखडा: ५०० जीबीची एसएसडी, साधं कॅबिनेट, प्रोसेसरसोबत आलेला कूलर. जो भाग स्वतः जळताना बाकीच्यांनाही घेऊन जातो तिथे आखडू नका. तो म्हणजे एसएमपीएस.

प्रोसेसर आणि बोर्ड

आज तंग बजेटला दोन जोड्या धड वाटतात. एक, कोअर आय-३ १२१००एफ आणि एच६१० बोर्ड: चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). दुसरी, रायझन ५ ५६०० आणि बी४५० किंवा बी५५० बोर्ड: सहा कोअर, बारा थ्रेड. फरक परवडत असेल तर दुसरी घ्या. गेम चालू असताना मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडं ठेवायची सवय असलेल्यांना ते दोन जास्तीचे कोअर जाणवतात. दोन्ही प्रोसेसरांत स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही. हे आधीच लक्षात असू द्या, नाहीतर जुळणी झाल्यावर बोर्डच्या एचडीएमआयला केबल लावून 'बोर्ड खराब निघाला' म्हणत परत दुकान गाठाल.

५६०० ऐवजी ५५०० 'तोच आहे, स्वस्त आहे' म्हणून दाखवला जातो. तोच नाही. ५६०० मध्ये एल-३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, ३२ एमबी आहे, ५५०० मध्ये १६. शिवाय ५५०० पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या रस्त्याची, तिसरी पिढीच देतो, ५६०० चौथी. कार्ड कोणतं घेणार यावर हा दुसरा मुद्दा किती बोचेल ते ठरतं, खाली येतोच आहे.

बी४५० बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असेल तर त्याचा बायॉस, म्हणजे बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, ५००० मालिकेला ओळखत नाही. खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' असं स्टिकर आहे का बघा, नसेल तर पैसे देण्याआधी दुकानदाराकडून बायॉस अपडेट करून घ्या.

प्रोसेसर खोक्यातलाच घ्या. सुटा, म्हणजे ट्रे प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याच्यासोबत कूलर नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही नसते. दुकानदार जे तोंडी देईल तेवढंच. कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिल नको म्हटलं तर कमी करून देतो' हा सौदा कार्ड आणि बोर्डाच्या बाबतीत करू नका. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या; वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.

सध्या कार्डाला पैसेच नसतील तर रायझन ५ ५६००जी घ्या. त्यात व्हेगा ग्राफिक्स आहे आणि १०८०पी रेझोल्यूशनवर हलके गेम, ७२०पी वर मध्यम गेम निघतात. मात्र इथे रॅमच्या दोन काड्या हव्यातच. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. एक काडी लावली तर रस्ता निम्म्या रुंदीचा होतो आणि फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) कमालीच्या पडतात.

कार्ड

१०८० वर निवांत खेळायला आठ जीबीचं आरएक्स ६६०० हे अजूनही पैसावसूल कार्ड आहे. वीज १३२ वॉट खातं, आठ पिनांची एकच केबल लागते. एवढंही झेपत नसेल तर सहा जीबीचं आरटीएक्स ३०५०: ७० वॉट, बहुतेक मॉडेलना वेगळी केबलच नको. पण दुकानात ३०५० मागताना जीबी विचाराच. आठ जीबीचं आणि सहा जीबीचं ही नावाने एक असली तरी आत वेगळी कार्डं आहेत, सहावालं हळू आहे.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं म्हणून मोह होतो. त्यात मेमरी चार जीबी आणि बोर्डाशी बोलायला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते कसंबसं निभतं. पण ५५०० किंवा ५६००जी सोबत, किंवा बी४५० आणि ए५२० बोर्डावर, त्या चार लेन तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतात. मेमरी भरली की गेम झटके देऊ लागतो आणि माणूस रॅम वाढवत बसतो.

जुनं कार्ड घ्यायचं तर जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरएक्स ५८० आठ जीबी या नावांभोवती फिरा, पण विकणाऱ्याच्या घरी, त्याच्या पीसीवर चालवून बघा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि शेडरचा, म्हणजे चिपमधल्या गणना करणाऱ्या भागांचा, आकडा वाचा: आरएक्स ५८० चा २३०४ असायला हवा. २०४८ दिसला तर ती कापलेली आवृत्ती, तिला तसाच कमी भाव द्या. मग कार्डावर पूर्ण ताण देणारा फरमार्क हा प्रोग्रॅम १५ मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा आल्या, किंवा पंखा किरकिरला, की उठा. मायनिंगला वापरलेलं कार्ड चालतच नाही असं नाही. त्याचे पंखे आणि चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट संपलेली असतात, चिप बहुधा बरी असते. तो खर्च भावातून वजा करा.

एसएमपीएस: 'फुकट देतो' म्हटलं की सावध

'कॅबिनेटसोबत ५०० वॉटचा एसएमपीएस फ्री देऊन टाकतो ना भाऊ.' घ्या, पण आधी त्याच्या अंगावरचा कागद वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि बाराने गुणा. १७ अँपिअर असतील तर झाले २०४ वॉट, मग वर ५०० लिहा नाहीतर ५०००. नीट ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३५ च्या पुढचा आकडा असतो. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली एकत्रित वॉट दिलेले असतात ते धरा.

लागतात किती? ५६०० साधारण ८० वॉट, आरएक्स ६६०० चे १३२, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४०-५०. म्हणजे २६० च्या आसपास. त्यावर कार्ड क्षणभर उसळी मारतं ती वेगळी. ४५० वॉट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरतो. ५५० घेतलात तर पुढचं कार्डही त्याच्यावरच निघतं. कार्डासाठीची ६+२ पिनांची केबल त्याला जन्मतःच असली पाहिजे. नसली तर दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडावरून) सहा पिन काढणारं दहा-वीस रुपयांचं कन्व्हर्टर देतो. त्याचं प्लॅस्टिक वितळतं. घेऊ नका.

आता घरच्या विजेकडे. सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ६०-७० दाखवत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. कॅबिनेटला हात लागला की जी झिणझिण येते ती तीच. आधी वायरमन बोलवा, मग पीसी लावा. हवेच्या कूलरची मोटर आणि पंप ज्या एक्स्टेंशन बोर्डवर आहेत त्यावर पीसी कधीच नको. मोटर बंद-चालू होताना वायरीत जो झटका बसतो तो थेट एसएमपीएसला पोचतो.

६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॉटच्या आसपास देतो. गेम चालू असताना लाईट गेली तर मॉनिटर धरून तो काठावर येतो आणि बऱ्याचदा ट्रिप होतो. १००० व्हीए घ्या, आणि त्याच्याकडून गेम सेव्ह करून शटडाउन करण्यापुरत्या पाच-दहा मिनिटांचीच अपेक्षा ठेवा.

जुळणी

लागतं काय: चुंबकी टोकाचा दोन नंबरचा फिलिप्स पेचकस, स्क्रूंसाठी एक वाटी, मोबाईलचा टॉर्च, आणि मोकळं लाकडी टेबल. सतरंजीवर बसून जोडू नका. आपल्याकडे मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा शर्ट घालून चार पावलं चाललं तरी अंगात चार्ज साठतो. दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावत जा.

कॅबिनेटमध्ये काही घालण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून बाहेर चालवून बघायचा. हे लोक टाळतात आणि मग सगळं उसवायची वेळ येते.

रायझनच्या ५००० मालिकेत पिना प्रोसेसरला असतात. सॉकेटची दांडी वर करा, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता सोडा. आपल्या वजनानेच तो खाली बसतो. दाबायचं नाही, बसत नसेल तर एखादी पिन वाकली आहे, ती जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळू सरळ करा. इंटेलच्या जोडीत पिना बोर्डात असतात आणि वाकल्या तर वॉरंटीत बसत नाहीत, म्हणून सॉकेटवरचं काळं झाकण शेवटपर्यंत ठेवा. प्रोसेसर बसवून दांडी दाबली की ते आपसूक उडतं.

रायझनसोबतचा कूलर बसवायला बोर्डावरच्या दोन काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्या सुटल्या की मागची लोखंडी पाटी खाली पडते, एका हाताने धरून ठेवा. चार स्क्रू तिरप्या क्रमाने, प्रत्येकी दोन-दोन वळसे देत आवळा. कूलरच्या तळाला राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी लावू नका. इंटेलच्या कूलरला चार ढकलपिना असतात. प्रत्येक 'टक्' वाजली पाहिजे, आणि बोर्ड उलटा करून चारही पिनांची टोकं पूर्ण बाहेर आली आहेत ना ते बघा. तीन बसतात, चौथी बसल्यासारखी वाटते. प्रोसेसर ९५ डिग्रीला जातो त्याचं सर्वांत सामान्य कारण ही चौथी पिन. कूलरच्या पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच.

चार खाचांच्या बोर्डावर रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबा, क्लिप स्वतःहून बंद झाली पाहिजे. एसएसडी तिरकी घालून खाली दाबा आणि तो इवलासा स्क्रू लावा. तो बोर्डाच्या पिशवीत असतो आणि फरशीवर पडला तर सापडत नाही.

मग २४ पिनांची मोठी केबल, आणि बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनांची. कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला अगदी तशीच असते. फरक असा: प्रोसेसरची ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२. जबरदस्तीने उलटसुलट लावली तर धूर निघतो. कार्ड बसवा, मॉनिटरची केबल कार्डाला लावा, 'पॉवर एसडब्ल्यू' च्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवा. पंखे फिरतील, पहिल्यांदा पडदा एक-दोन मिनिटं काळा राहू शकतो, लगेच बंद करू नका. बायॉस दिसला की प्रोसेसर, रॅम, एसएसडी तिघं यादीत आहेत ना ते पाहून बंद करा.

आता कॅबिनेट. मागची आय-ओ पट्टी (पोर्टांसाठी भोकं असलेली) आधी आतून दाबून बसवा. पितळी स्टँडऑफ (ज्यांवर बोर्ड टेकतो ते खुंटे) बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. भोक नाही तिथे एक जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट करतो. समोरच्या बटणांच्या बारीक वायरी मॅन्युअलमधला नकाशा बघून लावा. पॉवर आणि रीसेटची दिशा उलटी झाली तरी चालते, एलईडीची नाही.

ऊन

इथला मे महिना ४५ डिग्रीचा असतो आणि खोलीत सहज ३८-४० होतात. प्रोसेसरवरच्या कूलरचं काम खोलीच्या हवेवर अवलंबून असतं: डिसेंबरात २२ डिग्रीच्या खोलीत ६५ ला चालणारा प्रोसेसर मे महिन्यात १६-१८ अंश वर चढतोच. ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. म्हणून कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. पुढे सपाट काच आणि आत तीन रंगीत पंखे असलेला डबा इथे भट्टी होतो. १२० मिलिमीटरचे दोन पंखे समोरून हवा आत, एक मागून बाहेर, बस.

खोलीतला डेझर्ट कूलर पीसीच्या थेट समोर नको. त्याच्या हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, बोअरचं पाणी असलं तर क्षारही. कार्डाच्या पट्ट्यांवर पांढुरका थर दिसू लागला की समजा. कूलर तिरका लावा, खिडकी उघडी ठेवा, म्हणजे खोलीत दमटपणा साचत नाही.

सर्वांत स्वस्त इलाज सॉफ्टवेअरमध्ये आहे. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर फ्रेम ७५ वर अडवा. कार्ड उगाच १४० फ्रेम काढून तापत नाही. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये कार्डाचा व्होल्टेज २५-२५ मिलिव्होल्टने कमी करत जा, प्रत्येक पायरीला अर्धा तास खेळा, गेम कोसळला की एक पायरी परत वर या.

विंडोज आणि शेवटची सेटिंगं

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ११ च टाका. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. टाकण्याआधी बायॉसमध्ये एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधली टीपीएम ही सुरक्षेची सोय, चालू करा (इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात), सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करा, सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू करा. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूटशिवाय उघडत नाही, आणि लिनक्सवर तर चालतच नाही. सीएसएम बंद असताना विंडोज टाकलं की डिस्क आपोआप जीपीटी या नव्या मांडणीची होते. हे नंतर करायला गेलं तर बूट होणं बंद पडू शकतं.

त्याच बैठकीत एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. ३२०० ची रॅम घेऊनही ती सुरुवातीला २१३३, २४०० किंवा २६६६ लाच धावत असते, आणि अनेकांची वर्षानुवर्षं तशीच धावते. रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू करा. विंडोजमध्ये गेल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ स्वतः निवडा. १४४ चा मॉनिटर ६० वर चालवणारे कमी नाहीत.

अडलं तर

काहीच हलत नाही: एसएमपीएसच्या मागचं बटण, मग पॉवर बटणाची वायर. पंखे फिरतात पण पडदा काळा: केबल कार्डाला आहे का, प्रोसेसरची ८ पिन लावली का, मग रॅमची एकच काडी दुसऱ्या खाचेत ठेवून पाहा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो अडून राहतो तिथे दोष. एक्सएमपी लावल्यावर उघडेनासं झालं तर बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, प्लग उपसून.

खेळताना पीसी निळा पडदा न दाखवता खटकन बंद होऊन परत सुरू होतो: आधी तापमान बघा, ते ठीक असेल तर एसएमपीएसवर संशय घ्या. खेळता खेळता फ्रेम हळूहळू पडत जातात, सुरुवातीला ठीक असतात: धूळ. उन्हाळ्यात समोरची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा. आतून ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं, आणि कार्डाचा पंखा सुटा शोधत हिंडावं लागतं.